बंद पडलेला दूरचित्रवाणी संच : दुरुस्ती की नवी खरेदी?

दूरचित्रवाणी संच बिघडणे हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात येईल. संच बिघडला तर दुरुस्त करावा, होत नसेल तर नवा घ्यावा; त्यात सांगण्यासारखे ते काय? परंतु शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालये पाहत हिंडणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याला एक दृश्य चांगले परिचयाचे असते. भिंतीवर संच टांगलेला असतो, धूळ बसू नये म्हणून त्यावर चादरीचा तुकडा घातलेला असतो आणि चादरीवरही धूळ बसलेली असते. चौकशी केली, तर “मेकॅनिकला निरोप दिला आहे” किंवा “नवीन संचाची मागणी केली आहे” असे उत्तर मिळते. संच दुरुस्त झालेला नसतो आणि त्याच्या जागी नवाही आलेला नसतो. दुरुस्ती आणि खरेदी या दोन पर्यायांची चर्चा नेहमी होते. पण व्यवहारात पुष्कळदा निवडला जातो तो तिसराच, म्हणजे काहीच न ठरविण्याचा. वस्तुतः सर्वांत महाग पर्याय हाच होय.

सार्वजनिक संचाची देखभाल हा प्रश्न आजचा नव्हे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविले होते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण त्या प्रयोगाची शिकवण येथेही तितकीच लागू आहे. एका गावात एकच संच. तो बंद पडला की त्या गावापुरता तो उपग्रहही बंद पडल्यासारखाच. म्हणून संच पुरविण्याइतकेच ते चालू ठेवण्याच्या व्यवस्थेलाही त्या योजनेत स्थान द्यावे लागले.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा ‘डिजिटल’ झाल्या. त्यांपैकी कित्येक संच लोकवर्गणीतून आले. कोणी माजी विद्यार्थ्याने पाच हजार दिले, कोणी शेतमजुराने शंभर दिले. पुढे २०२० मध्ये शाळा बंद असताना जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. ज्या घरात मोबाईल नव्हता, पण संच होता, तेथील मुलाला निदान त्या तासापुरती शाळा मिळाली. ज्या घरातील संच त्याच सुमारास बंद पडला, त्या घरात हा दुरुस्ती-खरेदीचा प्रश्न किती निकडीचा झाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

बिघाड आहे काय, आणि कशात?

संच चालत नाही अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळात संचाच्या नसतातच. ‘सिग्नल नाही’ अशी पाटी पडद्यावर दिसते आहे, याचाच अर्थ पडदा, त्यामागील दिवे आणि वीजपुरवठा तिन्ही ठीक आहेत. अशा वेळी दोष शोधावयाचा तो छत्रीत, तिच्या केबलमध्ये, गंजलेल्या जोडणीत किंवा सेट टॉप बॉक्समध्ये. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर हे विशेषेकरून घडते. शेजारच्या चालू संचाला तोच सेट टॉप बॉक्स लावून पाहिला, तर पाच मिनिटांत निकाल लागतो. रिमोट चालत नसेल, तर त्याचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक मोबाईलमध्ये रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसतो. तो दिसला, तर रिमोट शाबूत आहे.

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या संचांचा. चार-पाच वर्षे झाली की त्यातील एखादे ॲप उघडेनासे होते, कारण बनविणाऱ्या कंपनीने त्या जुन्या संचासाठी नवी संगणक प्रणाली देणे थांबविलेले असते. चित्र उत्तम, आवाज उत्तम, पण ‘टीव्ही जुना झाला’ असा शिक्का बसतो. वास्तविक दोन-चार हजार रुपयांचे लहानसे उपकरण एच.डी.एम.आय.च्या खाचेत बसविले की तोच संच पुन्हा पूर्ववत कामाला लागतो. असे असताना संच बदलणे म्हणजे केवळ चष्म्याचा नंबर बदलला म्हणून डोळे बदलण्याची भाषा करण्यासारखे आहे.

आता खरा बिघाड. आजच्या सपाट संचात मुख्यतः चार भाग लक्षात ठेवावे लागतात. वीजपुरवठ्याचे सर्किट, मुख्य सर्किट, पडद्यामागील दिव्यांच्या पट्ट्या आणि खुद्द पडदा, ज्याला मेकॅनिक पॅनेल म्हणतात. संच अजिबात सुरूच होत नसेल आणि त्यावरील लहान तांबडा दिवाही लागत नसेल, तर प्रथम प्लग व बोर्ड पाहावा. ते ठीक असतील, तर संशय वीजपुरवठ्याच्या सर्किटवर जातो. फुगलेला कपॅसिटर, जळालेला फ्यूज, सुटलेला टाका हे तेथील नेहमीचे दोष. दुरुस्तीस सोपे आणि तुलनेने स्वस्त असतात, आणि तरीही अनभिज्ञ माणसाला तेच सर्वांत भयंकर वाटतात. कारण संच ‘मेलेला’ दिसतो.

आवाज येतो पण पडदा काळा, हे दुसरे लक्षण. खोलीत अंधार करून पडद्याला टेकवून विजेरी धरली असता अंधुक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल जिवंत आहे आणि मागचे दिवे गेले आहेत असे समजावे. या पट्ट्यांत बारीक दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यांतील एक गेला तरी सगळा प्रकाश जाऊ शकतो. पट्ट्या बदलून मिळतात. काम मात्र नाजूक असते. कागदासारखे पातळ पॅनेल उचलून बाजूला ठेवावे लागते आणि ते उचलतानाच तडकले, तर दुरुस्तीस नेलेला संच भंगारात जातो. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच ते द्यावे. एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट. दुकानात संच झगमगीत दिसावा म्हणून प्रकाश पूर्ण वाढवून ठेवलेला असतो आणि घरी किंवा शाळेत आल्यावरही तो तसाच राहतो. तो कमी केल्यास दिव्यांना ताप कमी होतो व त्यांचे आयुष्य वाढते.

पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा येणे, अर्धा पडदा धुरकट होणे, ही लक्षणे संमिश्र आहेत. कधी दोष पॅनेलला चित्र पोहोचविणाऱ्या लहानशा सर्किटात किंवा तिच्या पट्टीच्या जोडणीत असतो, आणि तो निघतो. कधी तो पॅनेलच्या कडेलाच असतो, आणि मग तो सहसा निघत नाही. पडदा तडकला असेल तर प्रश्न जवळजवळ मिटलाच. नव्या पॅनेलची किंमत पुष्कळदा नव्या संचाच्या किमतीशी स्पर्धा करते. लहान संचाच्या बाबतीत तेथे दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

काही घरांत अजून काचेच्या नळीचे जाडजूड संच आहेत. त्यांचे एल.ओ.टी. जळणे किंवा टाके सुटणे हे दोष जुना कारागीर आजही काढून देतो. परंतु चित्रनळीच क्षीण झाली असेल, तर तिला नवी नळी मिळणार नाही, कारण त्या नळ्यांचे उत्पादन बंद झाले आहे.

एक इशारा. संचाचे पाठीमागील झाकण हौसेने उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रवाहातून आतील मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे राहू शकतो. चित्रनळीच्या संचात तर हा आकडा हजारांत जातो. विज्ञानाच्या शिक्षकांनीही हा प्रयोग करून दाखवू नये.

हिशेब कसा मांडावा?

बिघाडाचे नाव कळल्यावर मगच पैशाचा प्रश्न येतो. याबाबत एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो : दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्या किमतीहून अधिक असेल, तर नवा घ्यावा. नियम सोपा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण तो संचाचे वय पाहत नाही आणि म्हणून दोन्ही बाजूंनी चुकतो.

समजा, नवा संच १४,००० रुपयांना मिळतो आणि तो सात वर्षे चालेल असे धरले. म्हणजे त्याचा खर्च वर्षाला २,००० रुपये पडला. आता आठ वर्षे वापरलेल्या जुन्या संचाच्या दुरुस्तीस ५,५०० रुपये सांगितले आणि त्यानंतर तो दोनच वर्षे चालेल असा अंदाज आहे. ही रक्कम निम्म्याहून कमी आहे, म्हणून ठोकताळा ‘दुरुस्त करा’ म्हणेल. प्रत्यक्षात वर्षाला २,७५० रुपये पडले. दुरुस्ती महागात गेली. उलट ४५,००० रुपयांचा मोठा संच दोन वर्षांत बिघडला, दुरुस्तीस २४,००० लागतात आणि पुढे पाच वर्षांची खात्री वाटते, अशी कल्पना करावी. येथे ठोकताळा ‘नवा घ्या’ म्हणेल. परंतु दुरुस्तीचा वार्षिक खर्च ४,८०० येतो आणि नव्याचा सात वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६,४३०. तेव्हा तुलना करावयाची ती दुरुस्तीची नव्या किमतीशी नव्हे. त्या पैशांत किती वर्षे विकत मिळतात, हे पाहावयाचे.

उरलेली वर्षे ओळखावयाची कशी? येथे शाळा आणि घर यांत मोठा फरक आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामकाजाचे ठरलेले आहेत. शाळेतील संच दिवसाला दोन तास लावला, तर वर्षाचे ४०० ते ४४० तास होतात. घरातील संच रोज सहा तास चालला, तर वर्षाचे २,१९० तास होतात. म्हणजे पाच वर्षांचा शाळेतील संच वापराच्या दृष्टीने घरातील एका वर्षाच्या संचाएवढाच झिजलेला असतो. नोंदवहीत तो जुना दिसतो, पण त्याचे दिवे तरुण असतात. त्यामुळे शाळेतील संचाच्या बाबतीत दुरुस्तीचे पारडे सामान्यतः जड मानावयास हरकत नाही. अर्थात दमट हवा, मुंग्या, पाली आणि उंदीर हे तास मोजत बसत नाहीत. पत्र्याच्या खोलीत चार पावसाळे काढलेल्या संचाचा विचार त्या बेताने करावा.

वीज वाचते म्हणून नवा घ्यावा, हा युक्तिवादही तपासून घेण्यासारखा आहे. जुना चित्रनळीचा संच ८० वॉटचा आणि नवा सपाट संच ४० वॉटचा मानला आणि दिवसाला चार तास वापर धरला, तर वर्षाला सुमारे ५८ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरल्यास बचत साडेचारशे ते पावणेपाचशे रुपये. १४,००० रुपयांच्या खरेदीचे समर्थन तेवढ्यावर होत नाही. बंद पडलेल्या नळीच्या संचाची जागा नव्याने घेताना ही बचत वरकड लाभ म्हणून मोजावी, इतकेच.

जळाला कशाने?

दुरुस्ती असो वा खरेदी, एक प्रश्न दोहोंच्या आधी विचारला गेला पाहिजे. संच जळाला कशाने? एकाच रात्री वस्तीतील चार-पाच घरांचे संच, पंखे व दिवे गेले असतील, तर दोष संचांत नसतो. तीन फेजच्या डी.पी.वर न्यूट्रल तुटला की ज्या घरात २३० व्होल्ट यावयाचे, तेथे दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा तिचा धक्का केवळ विजेच्या तारेतून नव्हे, तर छत्रीच्या केबलमधूनही आत येतो. शाळेचे अर्थिंग कोरडे पडले असेल, बोर्डाच्या खाचा सैल झाल्या असतील आणि ते तसेच ठेवून नवा संच लावला, तर नवाही त्याच वाटेने जातो. यास्तव पंचायतीने संचासाठी ठराव करतानाच अर्थिंग तपासणे, संरक्षक उपकरण बसविणे आणि गडगडाट सुरू होताच विजेचा प्लग व केबल दोन्ही काढणे, या तीन बाबींची व्यवस्था करावी. शेवटची बाब तर फुकट आहे. ती मुलांवर सोपविली असता ती पाहत राहतील, म्हणून शिक्षकांनीच करावी.

दुरुस्तीस देताना तोंडी बोलीवर विसंबू नये. कोणता भाग बदलणार, तो नवा की दुसऱ्या संचातून काढलेला, त्याची हमी किती महिन्यांची आणि काढलेला भाग परत मिळणार काय, हे पावतीवर लिहून घ्यावे. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. संच खोलून पाहण्याचेही काही पैसे पडतात. ते देण्यास कचरू नये, कारण बिघाडाचे नाव त्याच पैशांत कळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण तालुक्याच्या गावी आढळतात. केंद्रातील दहा-बारा शाळांनी मिळून वर्षातून एकदा अशा एकाला फिरवले, तर प्रत्येक शाळेचा खर्च नगण्य होतो.

हमीचा काळ संपला नसेल, तर झाकण स्थानिक माणसाकडून उघडू नये. हमी बहुधा तेथेच संपते. घरगुती ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू करून कंपन्यांची सेवाकेंद्रे व सुट्या भागांची माहिती एकत्र आणली. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून पडद्याच्या उपकरणांचे ठरावीक सुटे भाग त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे मिळालेच पाहिजेत, असे बंधन घातले. सुटा भाग मिळत नसेल, तर दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहतो, हे तेथील कायदेकर्त्यांनी ओळखले.

नोंदवही आणि निर्लेखन

आता त्या चादरीखालील संचाकडे पुन्हा वळणे प्राप्त आहे. तो तसाच का राहतो? पैशाची अडचण हे एक कारण खरे. परंतु समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान नादुरुस्त शालेय साहित्य बदलण्यासाठीही वापरता येते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेसाठी त्याचे वार्षिक प्रमाण १०,००० रुपये ठरविलेले आहे. त्यातून वीजबिल, खडू, स्वच्छता हे सारे भागवावयाचे असते, हेही तितकेच खरे. नवा संच त्यात बसत नाही. दोन हजारांची दुरुस्ती मात्र बसू शकते.

खरे कारण बहुधा भीती हे असते. संच जडवस्तू नोंदवहीत आहे, त्यावर देणगीदाराचे नाव रंगविलेले आहे. तो भंगारात दिला तर लेखापरीक्षणात काय उत्तर द्यावे? मुख्याध्यापक बदलून जातो, कार्यभाराच्या यादीत ‘दूरचित्रवाणी संच, एक’ असे लिहून देतो, आणि येणारा ते मोजून घेतो. चालू की बंद, हा रकानाच यादीत नसतो. तो रकाना घातला, तर निम्मे काम होईल.

यावर मार्ग अवघड नाही. मेकॅनिकचा लेखी अभिप्राय घ्यावा. दुरुस्ती परवडत नाही असे त्यात असेल, तर तो शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेपुढे ठेवून ठराव करावा, आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन निर्लेखन करावे. देणगीदाराला आधी कळवावे. बंद संचावर आपले नाव वर्षानुवर्षे लटकत राहावे अशी त्याचीही इच्छा नसते. अधिकाऱ्यांनीही अशी प्रकरणे वर्षअखेरीच्या गठ्ठ्यात न टाकता त्या त्या वेळी निकालात काढली पाहिजेत. मेकॅनिकची तपासणी एप्रिलमध्ये झाली, तर मंजुरी व दुरुस्ती दोन्हींना उन्हाळ्याची सुट्टी मिळते आणि जूनमध्ये शाळा भरते तेव्हा पडदा उजळलेला असतो.

निर्लेखित संच दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला किलोवर विकणे मात्र टाळावे. जुन्या चित्रनळीच्या काचेत शिसे असते. आरंभीच्या सपाट संचांतील पडद्यामागील बारीक नळ्यांत पारा असतो. तांब्यासाठी तारा जाळल्या आणि काच ओढ्याकाठी फोडली की ते माती-पाण्यात उतरते. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत दूरचित्रवाणी संचांचा समावेश असून, असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जावा अशी त्यात व्यवस्था आहे. एकट्या शाळेच्या एका संचासाठी कोणी वाहन पाठविणार नाही. म्हणून पंचायत समितीने तालुक्यातील निर्लेखित संच एका खोलीत जमा करून घ्यावेत, त्यांची यादी करावी आणि ते एकाच फेरीत नोंदणीकृत केंद्राकडे पाठवून पोच घ्यावी. ती पोच ज्या त्या शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत, त्या संचाच्या ओळीसमोर चिकटविली की तो विषय तेथे संपतो.